लेयासाठी मानलेली चादर

गेल्या शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उभी होती. माझी मुलगी सई दहावीत आहे. तिने ती मैत्रिणीकडून वाचायला आणली होती. मुखपृष्ठावर धुकं, आगगाडीचे रूळ आणि पाठमोरी उभी असलेली एक मुलगी. असं चित्र मी कधी पाहिल्याचं आठवेना. सहज पहिलं पान उघडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात एकही घड्याळ बरोबर वेळ दाखवत नव्हतं, असं काहीसं पहिलं वाक्य होतं. ते वाचलं मात्र, आणि मला कोकमाचा, नारळाच्या वाटणाचा आणि गरम तेलात पडलेल्या लसणीचा वास आला.

हीच ती कादंबरी. अठरा वर्षांपूर्वी मी ती सहा महिने रोज हाताळत होतो, पण तिचा चेहरा मला माहीत नव्हता. कारण आणल्या दिवशीच मी तिला खाकी कव्हर घातलं होतं.

"सई, घरात खाकी कागद आहे का?"

"व्हाय?"

"कव्हर घालू या."

"बाबा, इट्स नॉट ईव्हन माइन!"

तिला काय सांगणार? जिंतूरला आमच्या शाळेत जून महिन्याला एक वास असायचा, तो सिमेंटच्या रिकाम्या पोत्याच्या आतल्या कागदाचा. वडील तो झटकून, ओल्या फडक्याने पुसून, दुकानाच्या फळीवर वाळवायचे. त्यांचं सायकलचं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत. पण कव्हराच्या घड्या अशा घालायचे की वर्षभर पुस्तकाचा कोपरा दुमडत नसे. कव्हर नसलेल्या पुस्तकातली विद्या उडून जाते, असं ते म्हणत, आणि मग ग्रीस लागलेले हात मागे बांधून मला लेबल लिहायला सांगत. नाव, इयत्ता, विषय. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला अजूनही वाटतं की त्याचं निम्मं श्रेय त्या घड्यांना आहे.

"खाकी कागद रिग्गईला चांगला मिळतो," अशी थाप मारून मी सईला गाडीत बसवलं. कुवेतमध्ये आम्ही राहतो त्या मंगफहून रिग्गई म्हणजे एका कागदासाठी फारच लांब. सईने माझ्याकडे पाहिलं, कानात इअरफोनची ती पांढरी बोंडं घातली आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

अठरा वर्षांपूर्वी मी राहत होतो ती इमारत अजून आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला तो पंखाही तसाच, तेलाने काळा झालेला. खिडकीत आता दुसऱ्या कोणाचे मोजे वाळत होते. लिफ्टमध्ये तोच उदाचा आणि डिझेलचा मिसळलेला वास. खालच्या बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातला, माणूस बदलला होता, पण पुदिन्याच्या जुड्या तशाच ओल्या गोणपाटाखाली होत्या.

त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहाजण राहत होतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापे की थंड नळाला चहा होईल. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो, त्यात पाणी निवायचं, आणि अंघोळीला गरम नळ सोडून गार पाणी घ्यायचो. माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडं समदंच उलटं दिसतंय, जपून रहाय." वाळूचं वादळ आलं की खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायचो, आणि संध्याकाळी ते टॉवेल विटांसारखे कडक निघायचे. हिवाळ्यात वफ्र्याच्या शेतांवरून टोमॅटो यायचे, लाल आणि घट्ट. फेब्रुवारीत तर इतकं छान गार असायचं की आम्ही एकमेकांना उगाचच माफ करायचो.

आणि शुक्रवारी स्वयंपाकघर इस्माईलचाचांचं.

चाचा रत्नागिरीकडचे, दापोलीच्या पलीकडच्या एका किनाऱ्यावरच्या गावातले. आठवडाभर ते शुवैखला एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असायचे. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आले की पांढरी टोपी घडी करून फ्रिजवर ठेवायचे, लुंगी लावायचे आणि सगळ्यांना बाहेर काढायचे. "इंजिनेर लोकांनी मासळीला हात लावायचा नाय. मासा मेलेला असला तरी त्याला इज्जत हाय." मला मात्र आत बसायची परवानगी होती, पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपावर, कारण मी नवा होतो आणि लसूण नीट सोलायचो.

कादंबरी मी त्याच सुमारास आणली. कारखान्यात साहेबांसमोर माझं इंग्रजी अडखळायचं. सगळी इंग्रजी पाठ्यपुस्तकं मी मनात मराठीत उलटवून वाचलेली. कोणीतरी सांगितलं, कादंबऱ्या वाच. मी शुक्रवारच्या जुन्या बाजारात गेलो आणि सगळ्यांत जाड होती ती घेतली. दुसरा काहीच विचार नव्हता. घरी येऊन बकाल्याच्या खाकी पिशवीचं कव्हर घातलं आणि लेबल चिकटवलं. नाव लिहिलं. इयत्तेपुढे जरा थांबलो, मग 'कुवेत' लिहिलं. विषय, इंग्रजी.

आमच्यात पुण्याचा एक जोशी होता. त्याने लेबल वाचलं, पुस्तक हातात घेतलं, सरळ शेवटचं पान उघडलं, वाचलं आणि मिटलं.

"हे काय केलंस?" मी म्हणालो.

"मी नेहमी शेवट आधी बघतो. उगाच सहाशे पानं वेळ कशाला घालवायचा?"

"मग कसा आहे शेवट?"

जोशी, जो कधीही कशावरही मत दिल्याशिवाय राहत नसे, तो नुसतं म्हणाला, "वाच तू," आणि दात घासायला गेला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिल्या शुक्रवारी मी टोपावर बसून ओठ हलवत वाचत होतो. चाचा म्हणाले, "मास्तर, मनात काय पुटपुटतंस? मोठ्यानं सांग ना, मी काय भिंत हाय?" तेव्हापासून मी मास्तर झालो. इंग्रजी वाक्य वाचायचं, डोक्यात उलटवायचं आणि मराठीत मोठ्याने सांगायचं. आरोन नावाचा घड्याळजी होता. लेया नावाची मुलगी हातमोजे शिवायची. एका बंद पडलेल्या घड्याळाच्या निमित्ताने त्यांची ओळख झाली; ते घड्याळ आरोन मुद्दामच दुरुस्त करत नव्हता. चाचांना हे फार आवडलं. "हुशार हाय पोर," ते म्हणाले आणि वाटणात हळद टाकली.

अवघड उतारे मी गाळायचो. निसर्गवर्णनं तर सगळीच गाळली, कारण त्यात शब्दकोशाचा फार वेळ जायचा. त्यामुळे आमच्या कादंबरीत दीड महिना हिवाळाच आला नाही, आणि एका शुक्रवारी आरोन एकदम बर्फावरून घसरून पडला.

"बर्फ कुठनं आला?" चाचांनी झारा थांबवून विचारलं.

"पडला होता आधीच."

"कवा? तू बोलला नाय."

मग मला तीन प्रकरणांचा बर्फ एका दमात पाडावा लागला. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढनं हवामान पयलं सांगायचं. आमी दर्यावरची माणसं. हवा कळल्याबिगर आमाला पुढचं दिसत नाय."

चाचांच्या घरच्या फोनविषयी सांगायला हवं. तेव्हा फोनची कार्डं असायची, खरवडून नंबर काढायचा. आमचं कार्ड बोलता बोलता संपायचं; चाचांच्या कार्डावर मिनिटं उरायची. बावीस वर्षं ते इथे होते. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. मसाल्याचे हात असल्याने फोन स्पीकरवर टाकून ते ओट्यावर ठेवायचे, त्यामुळे सकीनाचाचींशी होणारं त्यांचं बोलणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"जेवलीव?"

"हं."

"पाऊस हाय?"

"हं."

"कौलं गळतात काय?"

"नाय."

"बरं."

मग पुष्कळ वेळ दोन्ही बाजूंनी काहीच नसायचं. तिकडचा कोंबडा तेवढा स्पष्ट ऐकू यायचा. "ठेवतू," चाचा म्हणायचे. त्यांचं भांडण नव्हतं. मुलं वाढली, मुलींची लग्नं झाली, घरावर नवी कौलं चढली. सगळं फोनवरूनच झालं आणि मग सांगायचं उरलं नाही. "पुढल्या वर्षी कायमचा येतू," हे वाक्य चाचा दर ईदला बोलायचे. चाची त्यालाही "हं" म्हणायच्या.

एका शुक्रवारी त्या तशाच शांततेत चाचा एकदम म्हणाले, "अगो, एक घड्याळजी हाय."

"हं."

"पोलंडला."

तिकडे कोंबडा आरवला. मग चाची म्हणाल्या, "मग?"

चाचींनी काही विचारलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. चाचा इतके गडबडले की त्यांनी आमटीत मीठ दोनदा टाकलं. आम्ही ती आमटी तशीच खाल्ली.

तिथून पुढे मी चाचांना सांगायचो, आणि तासाभराने चाचा चाचींना. त्यांच्या तोंडून ती कादंबरी दुसरीच व्हायची. पोलंडमध्ये आधी हवामान यायचं. लेयाच्या आईला गुडघ्याचं दुखणं जडलं, जे माझ्या पुस्तकात कुठेच नव्हतं. आरोनच्या बापाला चाचा, होडीवरच्या म्होरक्याला म्हणतात तसं, 'म्हातारा तांडेल' म्हणायचे. पलीकडे चाचींच्या ओट्यावर शेजारच्या बायका जमू लागल्या. फोनमधून बांगड्यांचा आवाज, कोणाचं तरी खोकणं आणि मध्येच, "हळू, हळू, मना ऐकू येत नाय!" आणि नेमकं आरोन लेयाला काही बोलायला जावा, तोच कार्डातली ती परकी बाई मध्ये पडायची: एक मिनिट शिल्लक आहे. तिकडून दहाबारा बायका त्या बाईला एकदम शिव्या द्यायच्या. चाचा मग दोन कार्डं आणून ठेवू लागले.

पुढे पुस्तकात वर्दीवाले आले. दुकानांवर खुणा, दंडावर पट्टी, नवे कागद, नवे शिक्के, ठरावीक गल्लीतच राहायचं.

"इकाम्याचं लफडं हाय," चाचा समजुतीने म्हणाले. इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना; तो कफील, म्हणजे इथला मालक, काढून देतो. इथे प्रत्येकाचं दुःख शेवटी इकाम्यापाशीच येऊन थांबतं. "कफील खराब निघाला असंल. धाडतील परत मुलखाला."

"नाही चाचा," मी म्हणालो. "हाच त्यांचा मुलूख आहे. आणि परत नाही धाडत. हे तसं नाही."

मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या शाळेच्या इतिहासात दुसरं महायुद्ध दीड पानाचं होतं. कारणे लिहा, परिणाम लिहा, गुण चार. मला चारपैकी चार मिळाले होते. सर इतके खूश झाले की त्यांनी माझा पेपर दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवला. कारणं मला आजही पाठ आहेत. पण त्या दीड पानात आरोन नव्हता आणि लेयाही नव्हती, आणि लाखो ज्यू माणसांना आगगाड्यांत भरून मारायला नेलं, हे मला चोविसाव्या वर्षी, रिग्गईत, लसणीच्या सालींच्या ढिगाशेजारी बसून कळलं.

फलाटाचं प्रकरण मी गाळलं नाही. एकही वाक्य नाही. दोन रांगा होत्या. आरोन एका रांगेत, लेया दुसऱ्या. त्याच्याकडे भाकरीचा तुकडा होता, तो तिला द्यायचा राहिला. चाचांनी गॅस बंद केला. बाहेर जोशी आणि बाकीचे जेवणाची वाट बघत बसले होते, पण कोणी आवाज दिला नाही. त्या दिवशी फोनवर चाचींनी विचारलं, "पोरीला कुठं नेली?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "अजून तिथपर्यंत वाचलं नाही, म्हणा." ती माझी पहिली थाप.

दुसरी फार मोठी होती. मधल्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये मी शेवटपर्यंत वाचून काढलं. शेवट समजला आणि बस माझा थांबा सोडून पुढे गेली तरी मला कळलं नाही. त्याच शुक्रवारी फोनवर चाचींनी जाहीर केलं की गावातल्या बायकांनी मिळून पिराला मन्नत मानली आहे. लेया सापडली तर चादर चढवायची. हिरवी, जरीच्या काठाची. शेजारच्या हिंदू वाडीतल्या दोघीजणीही त्यात सामील होत्या. त्या वेगळा नारळ देणार होत्या.

"ह्या पुस्तकाचा शेवट छापून झालाय, चाची," मी फोनकडे वाकून म्हणालो.

"छापणाऱ्याच्या वरती कोण हाय का नाय?" त्या म्हणाल्या.

 ज्या बाईने इतक्या वर्षांनी नवऱ्याला "मग?" विचारलं, तिला मी काय सांगणार होतो? ती पुन्हा "हं" वर गेली तर? मी त्या आठवड्यात चार पानी शेवट स्वतः लिहून काढला. तालुका पातळीवर निबंधात माझा पहिला नंबर आला होता, त्यामुळे आत्मविश्वास होता. पुस्तकात कागद ठेवून मी तो गंभीरपणे वाचला. युद्ध संपले. आरोन फलाटावर उभा होता. गाडी आली. लेया उतरली. तिने त्याला हार घातला. उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गावातील प्रतिष्ठित नागरिकांनी दोन शब्द सांगितले. पेढे वाटण्यात आले. अखेर सत्याचा विजय झाला आणि दोघे सुखाने नांदू लागले.

चाचांचे डोळे भरून आले. जोशी दारात उभा होता; पेढ्यांपाशी त्याचा खांदा जरा हलला. चाचांनी फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं, पेढ्यांसकट, सांगितलं.

 मग चाची म्हणाल्या, "ह्या मास्तरचं लगीन झालंय काय?"

"नाय."

"तरीच. अहो, इतक्या वर्सांनी माणूस दिसल्यावर बाई पयला हार घालंल? पयलं विचारंल, होतास कुठं! मग रडंल. मग बघंल, जेवलाय का. पेढे कुठले त्या मुलखात? खोटं हाय ते. मास्तरला म्हणावं, खरा शेवट सांग. आमी काय लहान पोरं हाव?"

मागून बायका हसल्या, पण चाची हसत नव्हत्या. मी टोपावर बसून कान लाल होईपर्यंत लसूण सोलत राहिलो.

पुढच्या शुक्रवारी खरा शेवट वाचला. त्या दिवशी सगळेच आत आले, आणि जोशी न सांगता माझ्या शेजारी बसून लसूण सोलू लागला. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सहा महिने हा माणूस, ज्याच्या पोटात तीळ भिजत नव्हता, गप्प राहिला होता. "तू का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तो म्हणाला, "सगळेच जण शेवट आधी बघणारे नसतात." आणि सोललेली लसूण पुन्हा सोलू लागला.

शेवट असा आहे. युद्धानंतर भिंतींवर वाचलेल्या माणसांच्या याद्या लावलेल्या असतात. आरोन गावोगावच्या याद्या वाचत फिरतो. एका यादीत लेयाचं नाव सापडतं. नाव आणि आडनावसुद्धा. तो भाकरी घेऊन तीन दिवस चालत जातो. दार उघडते ती दुसरीच बाई. नाव तेच, माणूस वेगळं. तीही कोणाची तरी वाट बघत असते, आणि दारावर थाप पडली तेव्हा तिलाही वाटलं होतं, आपलं माणूस आलं. दोघं बाकावर बसतात. तो तिला भाकरी देतो. ती अर्धी मोडून त्याला परत देते. संपलं.

चाचांनी त्या दिवशी फोनवर हवामान सांगितलं नाही, गुडघेही नाहीत. जेवढं होतं तेवढंच सांगितलं. तिकडे बांगड्याही वाजल्या नाहीत. कार्डातली बाई बोलली, एक मिनिट शिल्लक आहे, आणि तिला कोणी शिवी दिली नाही.

मग चाचींचा आवाज आला. "त्या बापड्याकडं पत्ता नव्हता, तरी तीन दिस चालला."

"हं," चाचा म्हणाले. या खेपेला "हं" त्यांच्याकडून आला.

"तुमच्याकडं तर पत्ता हाय."

फोन कापला गेला. कार्ड संपलं की चाचींनी ठेवला, ते कळलं नाही. चाचांनी हात धुतले, फ्रिजवरची टोपी घेतली आणि घडी उलगडून पुन्हा घातली. मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "मासा जळंल," आणि परत चुलीकडे वळले.

रमजानच्या आधी त्यांनी इकामा रद्द केला. जाताना बॅगेत दूध पावडर, दोन घोंगड्या, बाम, टॉर्च, पिस्ते आणि एक प्रेशर कुकर होता. वजन जास्त भरलं. विमानतळावर जमिनीवर बसून त्यांनी बॅग उघडली, आधी टॉर्च काढला, मग बाम, शेवटी कुकरही काढून जोशीच्या हातात दिला. खाकी कव्हरातलं पुस्तक मात्र काढलं नाही. "चाचा, तुम्हाला इंग्रजी येत नाही," मी म्हणालो. "तिला दाखवायचंय," ते म्हणाले. "तिला वाटतं, शेवट बी तूच लिवलास."

हे सगळं मी सईला इमारतीखाली गाडीत बसून सांगितलं. कानातली बोंडं तिने केव्हा काढली, मला कळलं नाही. खाकी कागद कुठेच मिळाला नव्हता. बकालेवाल्याने प्लास्टिकच्या पिशव्या दाखवल्या होत्या.

"पण बाबा," ती म्हणाली, "यू टोल्ड मी दिस स्टोरी! मी लहान असताना. त्यात ते भेटतात. पेढे पण होते."

खरंच की. मी तिला झोपवताना माझाच शेवट सांगत आलो होतो.

"देन व्हॉट डिड चाची डू? ती चादर?"

मला आठवेना. म्हणून तिथूनच फोन लावला. आता कार्ड लागत नाही. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ, चाचींनी उचलला.

"मास्तर! अल्ला, किती दिसांनी! अहो, मास्तर हाय! नाय, तुमी नका उठू, तुमी बसा. हे बघ मास्तर, तूच धाडलंस ह्यांना. दिसभर घरात. फोडणीत नाक, डब्यात हात. कालवणात कोकम कमी, म्हणे. चाळीस वर्सं मी घालते कोकम!"

"चाची, तुम्ही लेयासाठी चादर मानली होती..."

"चढवली की."

"पण लेया तर सापडली नाही."

"कोण बोलला? एक तर सापडली ना?" त्या म्हणाल्या. "दुसरी का होईना. तिच्यासाठी बी कुणी तरी मन्नत मानलीच असंल."

 सईने पुढे वाकून मराठीत विचारलं, "चाची, पुस्तक अजून आहे?"

"हाय तर. दर जूनला हे नवा कागूद घालतात. वाचायला येत नाय एकाला बी. पोरांना मास्तरचा शेवट सांगतात, पेढेवाला. थोरांना पुस्तकातला."

"काय सांगते गो त्यांना?" मागून चाचांचा आवाज आला.

"कोकमाचं सांगते!"

"मग सांग ना, कमी असतंय ते!"

"कमी? बावीस वर्सं तिथं बसून कोकम शिकलाव?"

"तिथल्या इंजिनेर लोकांना इचार, माझं कालवण कसं असायचं!"

"दोनदा मीठ घातलेलं? आयकलंय मी, फोनवर!"

फोन ठेवायचं ते दोघं विसरले. तो तिकडे ओट्यावर पडला असावा, कारण झाकण आपटल्याचा आवाज आला, मग पाटावर कोणी बसल्याचा, मग पुन्हा दोघांचं एकदम बोलणं. सईने कापायला बोट पुढे केलं. मी तिचा हात धरला. गाडीच्या काचेवर रिग्गईची धूळ बसत होती, वरच्या खिडकीतला पंखा फिरत होता, आणि आम्ही बापलेक मोबाईल मध्ये ठेवून ऐकत बसलो. त्यांचं संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलं, आणि त्यांचं काही संपेना.